दोन सुयांचा मोजा

डॉक्टर टाचणी टोचत होते आणि वन्सं वाट पाहत होत्या.

"डोळे मिटलेत ना, बाई? टोचलं की सांगायचं."

"मिटलेत. टोचा की."

तोवर चार वेळा टोचून झालं होतं. अंगठ्याला, करंगळीखाली, चवड्यावर आणि टाचेला. टाचेवर रक्ताचा बारीक मणी आला होता. मी भिंतीला टेकून उभी होते, मला तो स्पष्ट दिसत होता.

"अहो, टोचा ना लवकर. बाहेर माणसं खोळंबलीत," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरांनी कापसाने तो मणी टिपला, टाचणी ताटलीत टाकली आणि वन्संऐवजी माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही पाय सुन्न झालेत. साखरेने होतं असं. आता यांच्या पायात काटा मोडला तरी यांना कळायचं नाही, तो तुम्हाला कळला पाहिजे. रोज सकाळी तळवे बघायचे. यांची नजर अधू, यांना दिसणार नाही. तुम्ही बघायचे. जरा लाल दिसलं की इकडे यायचं. अनवाणी फिरायचं नाही. आणि थंडीत मोजे हवेत. मऊ, सैल आणि आत काही रुतणार नाही असे."

"बाजारातले घोट्याला आवळतात," वन्सं म्हणाल्या.

"मग घरी विणा. तुम्ही तर शाळेत विणकामच शिकवायचात ना, बाई? माझ्या आईला शिकवलंय तुम्ही."

वन्संनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं कोरडी, पांढरट झाली होती. "यांनाही आता टाका कळत नाही." मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाल्या, "ही विणते. स्वेटर बरे विणते. मोजे अजून एकदाही नाही."

ही निफाडची गोष्ट, पंचाण्णव सालच्या दिवाळीनंतरची. निफाडची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, इतकी. वन्सं म्हणजे द्वारकाबाई, माझी थोरली नणंद. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आल्या, शिक्षण घेऊन मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाच्या बाई झाल्या आणि आई-वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो भाऊ म्हणजे आमचे हे. पोस्टमास्तर होते. आक्का म्हणेल ती पूर्व दिशा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुई धरता येत नव्हती. वन्संनी शिकवलं. बोट चुकलं की सुईच्या बोंडाने मारायच्या, नेमकं नखाच्या मुळाशी. विणून झालेलं उजेडाकडे धरायच्या, एखादा टाका चुकलेला दिसला की एक शब्द न बोलता सुई ओढून काढायच्या आणि लोकर ओढत सुटायच्या. मी समोर बसून तिचा गुंडा करायचा. तेवीस वर्षं झाली होती त्याला. एव्हाना मी तालुक्याच्या प्रदर्शनात सहा बक्षिसं मिळवली होती, माझ्याकडे पंधरा-वीस बायका शिकायला येत होत्या, लासलगाव-पिंपळगावहून स्वेटरची कामं येत. वन्सं पाहुण्यांना सांगायच्या, "हात चालतो तिचा. डोकं मीच चालवायचं."

मोजे मात्र त्यांनी मला कधी शिकवले नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "स्वेटर ढगळ झाला तर अंगावर खपतो. पाऊल अख्ख्या देहाचा भार घेऊन मोज्यात उभं असतं. तिथं लबाडी चालत नाही. तुझ्या हातचं काम नाही ते."

दवाखान्यातून घरी आल्यावर हे म्हणाले, "आक्का, तूच सांग ना शरयूला कसा विणायचा ते."

"मी नाही सांगणार. इतकी बक्षिसं मिळवलीत, नमुना तिचा तिने निवडावा. बघू काय निवडते."

तीन नमुने होते माझ्यापुढे. एक वन्संच्या जुन्या वहीतला, शाईने लिहिलेला. चार सुयांवर गोल विणायचा, वरून सुरुवात, टाच वळवून पुढे बोटांपर्यंत. साधा सुलट, दिसायला काहीच नाही. दुसरा एका मासिकातला, जाळीचा, थंडीत निरुपयोगी. तिसरा लोकरीच्या दुकानात मिळालेल्या पुस्तिकेतला. पोटरीवर दुहेरी वेणी उतरते, घोट्याशी तिचे दोन पदर होतात आणि पावलावर जाऊन मिळतात. दोन सुयांवर सपाट विणायचा आणि मग जोडायचा. चित्रातल्या बाईने पाय पुढे करून तो दाखवला होता.

तीन दिवस मी ते नमुने पुढ्यात घेऊन बसत होते. थोडं थोडं विणून पाहिलं, उसवलं. चार सुया मला नवीन नव्हत्या. स्वेटरच्या गळ्याची पट्टी त्यांच्यावरच विणतात, मी शेकडो विणल्या होत्या. वहीतला मोजा दोन दिवसांत उतरला असता.

चौथ्या दिवशी हे चहा पिताना म्हणाले, "काय ठरलं?"

"वेणीचा."

"अवघड दिसतोय."

"दिसणारच. वन्संच्या पायात साधा कसा शोभेल?"

वन्सं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. "वेणी घालतेस का? घाल. वेणीत तुझा टाका सैल पडतो, एवढं लक्षात ठेव."

मी करडी लोकर घेतली. बारा दिवस लागले. दुपारी मी पडवीत विणत बसायची आणि वन्सं शेजारी बसून ऐकायच्या. त्यांना आता वीण दिसत नव्हती, हाताला लागत नव्हती, म्हणून त्या सुयांचा आवाज ऐकायच्या. "थांबलीस का? चुकलं वाटतं," म्हणायच्या. चुकलेलं नसायचं.

मोजे झाले तेव्हा शिकायला येणाऱ्या बायका घरात होत्या. मी वन्संच्या पायात ते चढवले. बायका वाकून पाहायला लागल्या. "अगं बाई, वेणी बघ कशी उतरलीय! आमच्या जन्मात असे मोजे पाहिले नाहीत." वन्संनी वाकून पोटरीवरून हात फिरवला. वेणीचे उंचवटे जाड होते, ते त्यांच्या मेलेल्या बोटांनाही थोडे जाणवले असावेत. खालून वर, वरून खाली, दोनदा हात फिरवला.

"हात बसला गं तुझा," त्या म्हणाल्या.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा. बायकांसमोर. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर वन्सं दिवसभर मोजे घालून असायच्या. मोज्यांवर जुन्या मऊ चपला. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं म्हणून रोज सकाळी स्टेशनच्या रस्त्याने भावाचा हात धरून मैलभर जाऊन यायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून लुगड्याचा काठ जरा वर धरायच्या. "भावजयीने विणलेत. मी शिकवलंय."

त्या फिरायला निघण्याआधी मी तळवे बघायची. पाटावर बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचा, खिडकीच्या उजेडाकडे वळवायचा.

"काय म्हणतोय पाय?" त्या विचारायच्या.

"ठीक आहे."

पाचव्या दिवशी उजव्या चवड्याखाली एक लाल रेघ दिसली. काडीएवढी. मी तिच्यावर अंगठा दाबला. वन्सं खिडकीकडे बघत होत्या.

"काय म्हणतोय?"

"ठीक आहे, वन्सं," मी म्हणाले आणि मोजा चढवला.

आता मागचं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. मी बाळासाठी स्वेटर विणला, पिवळ्या लोकरीचा. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू आपली आपण पुरी केली होती. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी तो हातोहात फिरवला. फिरत फिरत वन्संच्या हातात गेला. त्यांनी उजेडाकडे धरला. खांद्याजवळ एक टाका उलटा पडला होता. "जन्माला येणाऱ्याला चुकीचं घालायचं नसतं," म्हणाल्या आणि ओढायला सुरुवात केली. मी फुलांचे दागिने घालून पाटावर बसले होते, तशीच मी लोकर गुंडाळत गेले. मुलगी झाली ती डिसेंबरात. पुन्हा सुईवर घातलेला स्वेटर जेमतेम पाठीपर्यंत आला होता. जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायचो तिला. अकरा दिवस जगली. थंडीने गेली असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मतःच छाती कमजोर होती. बाराव्या दिवशी वन्सं माझ्याजवळ आल्या, सुईवरचं अर्धं काम उचललं आणि म्हणाल्या, "बरं झालं, घाई केली नाहीस. पुरा झाला असता तर लोकर फुकट गेली असती."

पुन्हा मूल झालं नाही. त्या पिवळ्या लोकरीची त्यांनी शेजाऱ्यांच्या नातवाला टोपी विणली.

रेघ दिसली त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी तिथं फोड आला. मग तो फुटला. मोज्याला आतून डाग पडायला लागला, तेव्हा मी मोजे रोज धुवायला घेतले. आणखी चार दिवसांनी यांनाच वास आला. "आक्का, पाय दाखव," म्हणाले. मोजा काढला. चवड्याखाली खड्डा झाला होता, कडा काळ्या. वन्सं विचारत होत्या, "काय झालं? अरे, बोलत का नाहीस?"

निफाडच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि हात झटकले. "बघत नव्हतात का रोज?" ते माझ्यावर ओरडले.

"बघत होते. काल-परवापर्यंत काही नव्हतं," मी म्हणाले.

"काहीतरी रुतलं असणार. खिळा, खडा. चप्पल बघा."

नाशिकच्या दवाखान्यात आठ दिवस पाय वाचवायचा प्रयत्न केला, मग उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तिसऱ्या दिवशी हे कपडे आणायला घरी गेले. त्या जुन्या चपला आदल्या महिन्यात चौकात बसणाऱ्या नामदेवबुवा चांभारांनी पुन्हा शिवून दिल्या होत्या. हे त्या चपला घेऊन चौकात गेले आणि भर बाजारात बुवांच्या अंगावर फेकल्या. बुवा सत्तरीचे. त्यांनी चपलेत हात घालून आतून सगळीकडे चाचपून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "चुकलं असंल माझं, मास्तर. माफी असावी." हे परत येऊन मला सांगत होते. "खिळा सापडला नाही, पण असणारच. म्हातारा कबूल झाला." मी त्यांना डब्यातलं वाढत होते. वाढून झाल्यावर डबा बंद केला.

वन्सं रडल्या नाहीत. वॉर्डातल्या बायकांना त्यांनी दोन दिवसांत आपल्या विद्यार्थिनी करून टाकलं. डाव्या पायात तो मोजा घालून खाटेवर बसायच्या. नर्सबाईला म्हणायच्या, "एकच उरला तरी बघा, काम बघा." शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात एक म्हातारा होता, त्याची मुलगी शबाना ऊन घ्यायला आमच्या खिडकीशी येऊन बसायची. विशीतली, डी.एड. करणारी. तिला विणकाम येत होतं. एका सकाळी ती वही-पेन घेऊनच आली.

"मावशी, या मोज्यांचा नमुना द्या ना. अब्बांनाही साखर आहे. त्यांचेही पाय बधिर झालेत. आता घरी सोडतील, तर मी विणून घालते."

"दे गं शरयू. चांगलं काम आहे," वन्सं म्हणाल्या. उशीला टेकून बसल्या होत्या. हे औषधं आणायला खाली गेले होते.

शबानाने वही उघडली. वर 'मोजे' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मी म्हणाले, "पोटरीचं माप घे. मग टाके घाल, साठेक. तीन सुयांवर वाटून घे, चौथीने विणायचं."

ती लिहू लागली.

"चौथी?" वन्सं म्हणाल्या.

मी शबानाच्या वहीवर बोट ठेवलं.

"तू दोन सुयांवर विणलेस. मी ऐकत होते ना शेजारी बसून. चार सुया वेगळ्या वाजतात."

"गोल विणलेला बरा पडतो," मी शबानाला म्हणाले. "लिही. वीस-वीस टाके."

"दोन सुयांवर म्हणजे शिवण आली," वन्सं म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. वर्गात फळ्यावरचं गणित सोडवून घेतात तसा होता. "पुस्तिकेत शिवण कुठे घ्यायला सांगितलीय?"

"कडेने."

"आणि तू कुठे घेतलीस?"

शबानाने पेन थांबवून आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"तळव्याखाली," मी म्हणाले.

"चपटी?"

"नाही. दुहेरी टीप."

"गाठ?"

"चवड्यापाशी."

वन्सं वाकल्या. डावा मोजा ओढून काढला, बाहेरची बाजू आत केली. बोटांना काही कळत नव्हतं म्हणून त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि ओठांवरून फिरवला. टाचेपासून सुरुवात करून हळूहळू. चवड्यापाशी थांबल्या, ओठ दाबून धरले. पुन्हा थोड्या मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मग मोजा परत सुलटा केला, घडी केली आणि उशाखाली ठेवला.

"पोरी, लिही," त्या शबानाला म्हणाल्या. "ती सांगते तेच बरोबर. चार सुया. साधा सुलट. आत शिवण नको, गाठ नको, वेणी नको. दिसायला काही नसलं तरी चालेल. आणि रोज बापाचे तळवे तू स्वतः बघ. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

शबानाने लिहून घेतलं. टाच कशी वळवायची ते मी सांगितलं. माझ्या तोंडून एकही टाका चुकला नाही. ती आभार मानून गेली. मी वन्संच्या खाटेपाशी उभी राहिले. वाटलं, आता ओरडतील, वॉर्ड गोळा करतील. हे औषधांची पिशवी घेऊन जिन्यावरून येताना दिसले.

"आक्का, मोजा का काढलास? थंडी आहे."

"उकडतंय," वन्सं म्हणाल्या.

त्या नंतर सात वर्षं जगल्या. आमच्याच घरात, त्याच खुर्चीत. मी त्यांना न्हाऊ घालायची, जेवू घालायची, कुबड्या हातात द्यायची. माझ्या हातचं अन्न त्यांनी कधी नाकारलं नाही. लोकर मात्र अंगाला लावून घेतली नाही. शाल दिली तरी खाली सरकवायच्या. उरलेल्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायच्या, चाचपडत, स्वतःच्या हाताने. तळवा बघायला रोज सकाळी समोरच्या घरातल्या मुलीला हाक मारायच्या. माझ्यादेखत पाय तिच्यापुढे करायच्या.

आणि भावाला त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी मी रोज वाट पाहिली. हे ऑफिसातून आले की मी त्यांचा चेहरा बघायची. चेहरा रोजचाच असायचा.

थंडी पडली की हे म्हणायचे, "शरयू, अगं आक्काला एक मोजा विण ना. पट्टी काय गुंडाळते ती."

मग वन्सं माझ्याकडे तोंड करायच्या. डोळे जवळजवळ गेले होते, पण तोंड नेमकं माझ्याकडे यायचं. "विचार तिला, का विणत नाही."

"का गं?" हे विचारायचे.

मी काहीतरी सांगायची. एका वर्षी लोकर नाही, एका वर्षी हात दुखतो, एका वर्षी बायकांची कामं अंगावर आहेत. वन्सं मान किंचित कलती करून ते शेवटपर्यंत ऐकायच्या. मग म्हणायच्या, "असू दे. पुढच्या वर्षी विचार."

सातही हिवाळे त्यांनी विचारायला लावलं.

शेवटच्या आजारात, संक्रांतीच्या आधी दोन दिवस, त्यांना धाप लागली. हे खाटेवर बसून त्यांचा हात चोळत होते. मी पायाशी उभी होते. हे रडत रडत म्हणाले, "आक्का, काही हवंय का? काही राहिलंय का मनात?"

"माझं नाही राहिलं काही," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "शरयूला विचार. तिला काही सांगायचंय का ते विचार."

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, साधे, विश्वासाचे.

"काय सांगायचंय गं?"

वन्संनी श्वास रोखून धरला होता.

"पाणी आणते," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.